वर्गणी आणि मूठभर माती



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी पाचशे रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, "चौकातल्या पुतळ्याची वर्गणी द्यायचीय. न देणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितात." पुतळा थोर माणसाचाच होता. पण व्याजाने काढून दिलेल्या पैशाला वर्गणी म्हणायचं का? तेव्हा मला जपानमधली एक गोष्ट आठवली.

जपानच्या नारा शहरात तोदाइजी मंदिरात वैरोचन बुद्धाची कांस्यमूर्ती आहे, सुमारे १५ मीटर उंच. तिच्यामागचा विचार अवतंसक सूत्राचा, म्हणजे मूळ आपल्या भारतातला. त्या परंपरेत इंद्राच्या जाळ्याचा दाखला देतात. जाळ्याच्या प्रत्येक गाठीला एक रत्न, आणि प्रत्येक रत्नात बाकीच्या साऱ्या रत्नांचं प्रतिबिंब. एकात सगळे आणि सगळ्यांत एक.

इ.स. ७३५ ते ७३७ या काळात जपानमध्ये देवीच्या साथीने असंख्य माणसं दगावली. त्यानंतर ७४३ साली सम्राट शोमू यांनी ही मूर्ती घडवण्याचं फर्मान काढलं. त्यात दोन गोष्टी फार मोलाच्या होत्या. कुणाला गवताची एक काडी किंवा मूठभर मातीच द्यावीशी वाटली, तर तीही घ्यावी. आणि या कामाच्या नावाखाली अधिकाऱ्यांनी लोकांना छळू नये.

मदत गोळा करायला ग्योकी नावाचे भिक्खू गावोगाव फिरले. त्यांनी आधी लोकांसाठी पूल आणि तळी बांधली होती, म्हणून लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. मंदिराच्या जुन्या नोंदीत लाकूड देणारे ५१,५९० आणि धातूसाठी देणारे ३,७२,०७५ लोक लिहिलेले आहेत. म्हणजे हिशोब तेव्हाही ठेवला होता! ७५२ साली भारतातून गेलेले भिक्खू बोधिसेन यांनी मूर्तीचे डोळे रंगवले. त्यांच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या. डोळे जणू सगळ्यांनी मिळून उघडले.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. या कामात लाखो मजूर राबले, खजिन्यावर मोठा ताण आला. ७५७ साली बंडाच्या आरोपाखाली पकडलेल्या एका सरदाराने, या बांधकामाने प्रजा पिचली, अशी तक्रार केली. फर्मान चांगलं असून भागत नाही. ते शेवटच्या घरापर्यंत तसंच पोचतं का, हे पाहावं लागतं.

आम्ही बैठकीत ठराव लिहिला. वर्गणी ऐच्छिक असावी, दहा रुपयांचीही पावती मिळावी, श्रमदानाची नोंद व्हावी, जमाखर्च ग्रामसभेत वाचावा आणि नावांचा फळा काढावा. वर्गणीसाठी गटातून कर्ज द्यायचं नाही, हेही ठरलं. ठराव समितीला दिला. फळा अजून तिथेच आहे, पण त्यावर नवीन नाव चढलेलं नाही.

त्या ताईंनी कर्ज घेतलं नाही. वीस रुपये दिले आणि अर्धा दिवस वाळू वाहिली. वीस रुपयांची पावती त्यांनी मला दाखवली. तिच्या मागे समितीच्या माणसाने पेनाने लिहिलं होतं, 'श्रमदान अर्धा दिवस.'

मैत्रिणींनो, तुमच्या गावात वर्गणी मागायला कुणी आलं, तर द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. पण दिलीत तर पावती मात्र जरूर मागा.