कॅरेटमागे किती डिझेल

शेंदूरजनाघाटहून वरुडकडे जाताना लागणारा पंप. सकाळचे साडेसहा वाजलेत, अंबिया बहाराचे दिवस आहेत आणि सातपुड्याकडून येणारा गार वारा स्वेटरच्या आत शिरतो आहे. मामा पिकअप पुढे घेतात, मागे घेतात, पुन्हा अर्धा हात पुढे घेतात. फरशीवर पांढऱ्या रंगाचा एक जुना पट्टा आहे. मागचं डावं चाक त्या पट्ट्यावर आल्याशिवाय ते इंजिन बंद करत नाहीत.

पंपावरचा पोरगा दुसऱ्या मशीनकडे हात दाखवतो. तिथं कोणीच नाही.

"थे नोको रे बाप्पा," मामा खिडकीतून म्हणतात. "मागच्या खेपेले याच मशीनवर भरलं, आजही याच मशीनवर. नाई तं हिशोब कायचा?"

गाडीवरचा भाचा तेवढा सख्खा, बाकी साऱ्या गावाचे ते नुसतेच मामा. आमच्या बागेतला संत्रा कळमन्याच्या बाजारात नेतात तो याच गाडीतून, आणि भाडं ठरतं कॅरेटवर. त्यामुळे या गाडीच्या टाकीत काय जातं आणि त्यात ती किती धावते, हा प्रश्न मामांचा जेवढा तेवढाच माझा. संत्र्याचा भाव माझ्या हातात नाही. अंबियाची गळ माझ्या हातात नाही. बागेपासून बाजारापर्यंत जळणारं डिझेल मात्र मोजता येतं, आणि मोजलं तर कमीही करता येतं.

भरण्याआधी मामा माप मागतात. पंपाचा व्यवस्थापक काही न बोलता आतून पाच लिटरचं माप घेऊन येतो. मापावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे. हे माप मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे आणि पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो. नळीतून डिझेल पडतं, फेस येतो, फेस बसेपर्यंत सगळे थांबतात. मापाच्या बारीक मानेवर रेघा आहेत. भाचा वाकून पाहतो. पातळी मधल्या रेघेच्या जरा खाली, पण २५च्या आत आहे. मामा मान डोलावतात आणि ते पाच लिटर टाकीत ओततात. उरलेलं नळीने.

नळी टिक् करून आपोआप बंद होते. पोरगा सवयीने विचारतो, "अठराशे करू का, मामा?"

"टिक् झालं का सोड."

इथं बहुतेकांचा हिशोब बिघडतो. डिझेलला फेस फार येतो. टिक् झाल्यावरही थांबून थांबून भरत राहिलं तर टाकीत आणखी मावतं, आणि किती मावतं ते दर वेळी वेगळं असतं. आकडा गोल करायला आज थोडं जास्त भरलं, उद्या पहिल्याच टिक्-ला सोडलं, की दोन्ही दिवसांचा ॲव्हरेज खोटा. मामांचा नेम साधा आहे: तोच पंप, तीच मशीन, तोच पट्टा, पहिलं टिक्. सकाळी भरलं की डिझेल घट्ट मिळतं असं बरेच जण सांगतात. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. मामा सकाळी येतात ते रांग नसते म्हणून.

पावतीवर दोन्ही मिळून १९.४६ लिटर. भाचा सूर्यपडद्यामागची वही काढतो. मागच्या वेळी टाकी फुल्ल केली तेव्हा मीटर होता ८४,३१२. आता ८४,५५९. मधले २४७ किलोमीटर. मोबाइलवर भागाकार होतो.

"बारा एकोणसत्तर," भाचा सांगतो.

"लिहून ठेव. पन एका खेपेवर भरोसा नाई."

मामांचं म्हणणं आकड्यांनी तपासून पाहण्यासारखं आहे. पट्टा पाळूनही टाकीत अर्धा लिटर इकडे तिकडे होऊ शकतं, कुठे हवेचा फुगा अडकतो, कुठे गाडी जरा कलती असते. अर्धा लिटर कमी मावलं असतं तर हाच ॲव्हरेज तेराच्या वर गेला असता, जास्त मावलं असतं तर १२.३७ वर आला असता. गाडी तीच, रस्ता तोच, आणि अर्ध्या किलोमीटरहून जास्त फरक नुसत्या भरण्याचा. म्हणून वहीत दर पाच खेपांनंतर एक आडवी रेघ आहे. रेघेखाली पाचही खेपांचे किलोमीटर आणि पाचही खेपांचं डिझेल यांची बेरीज करून एकच भागाकार. शंभर लिटरमध्ये अर्धा लिटर काही बिघडवत नाही. चौकातल्या टपरीवर "माझी पंधरा देते", "माझी सोळा देते" असं जे ऐकू येतं, त्यातल्या किती जणांनी ही बेरीज केली असेल?

कंपनी सांगते तो ॲव्हरेजचा आकडाही वेगळ्याच जागेचा असतो. गाड्या तपासणारी पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ सालापासून आहे. तिथं गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तापमानात, ठरलेल्या वेगाने, ठरलेला वेळ पळवतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगलाच आहे. पण त्या रोलरला आमच्या बागेची पांधन ठाऊक नाही आणि काटोल रस्त्यावर समोरून येणारा वाराही.

पंपाशेजारच्या पंक्चरच्या दुकानात गाडी दोन मिनिटं थांबते. इंजिन बंद. चाकं अजून गार आहेत, हवा तपासायची ती आत्ताच. गाडी धावली की टायर तापतो, हवा फुगते आणि कमी हवाही पुरेशी दिसते. मामा स्वतःचं गेज लावतात. मागची दोन्ही चाकं दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाच पौंड कमी. दुकानदार नळी लावतो, सूं आवाज येतो, टायरचं पोट सावकाश वर उचलतं.

"मागचं चाक दबलं का डिझल टायर तापवण्यात जाते," मामा मला सांगतात. "गाडी वढण्यात नाई."

बागेत कॅरेट भरून तयार आहेत. ७० कॅरेट, कॅरेटमध्ये साधारण २० किलो, म्हणजे फळाचेच १४०० किलो. पोट्टे साखळी करतात, कॅरेट हातोहात डाल्यात चढतात. गाडीचं इंजिन बंद आहे. शेजारच्या बागेत दुसरी पिकअप भरते आहे, तिचं इंजिन मघापासून धडधडतं आहे, मागून निळसर धूर झाडांवर पसरतो आहे. मामा तिकडे पाहतात, काही बोलत नाहीत. एवढं इंजिन नुसतं उभ्या-उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर पिऊ शकतं आणि त्या वेळेत गाडी एक इंचही सरकत नाही. अशा गाडीचा ॲव्हरेज कमी आला की दोष मेकॅनिकला.

रचण्यातही मामांचं लक्ष आहे. थर केबिनच्या टपापेक्षा वर जाऊ देत नाहीत. वरून ताडपत्री टाकून दोरी इतकी आवळतात की बोट खाली शिरत नाही. फडफडणारी ताडपत्री वारा अडवते, आणि वारा कापायला डिझेलच लागतं.

निघतो. पांधनीची धूळ मागे राहते. (हीच धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. भाचा दर रविवारी तो काढून पाहतो.) दोन्ही बाजूंना रोपवाटिका सुरू होतात. काळ्या पिशव्यांच्या रांगाच रांगा, जंबेरीवर डोळा बांधलेल्या कलमा. आमच्या गावाचं नाव दूरदूरच्या बागाइतदारांना या कलमांमुळे माहीत आहे. एका रोपवाटिकेसमोर ट्रक भरतो आहे.

मामा गिअर लवकर बदलतात. इंजिनचा आवाज चढू देत नाहीत. क्लचवरचा पाय बदल झाला की खाली. पुढे ट्रॅक्टर दिसला की लांबूनच पाय सोडतात, ब्रेक लावावा लागतच नाही. ब्रेक म्हणजे आधी जाळलेलं डिझेल घासून टाकणं. वरुडात चुडामणीचा पूल मागे टाकल्यावर स्टेअरिंग भाच्याकडे येतं. पहिल्याच उतारावर त्याचा हात गिअरच्या दांड्याकडे जातो.

"न्यूट्रल काऊन करून राह्यला?"

"डिझल वाचते ना, मामा."

"नाई वाचत. गिअरमंधी राहू दे, पाय सोड फक्त."

मामांचं बरोबर आहे. आताच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण सोडला की डिझेलचा फवारा बंद होतो, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला पुन्हा डिझेल लागतं. वरून भरलेली गाडी सारी ब्रेकवर येते, ते वेगळंच. जुन्या गाड्यांच्या काळातली ही सवय बापाकडून पोराकडे आली आहे. ती सुटायला हवी, जिवाच्या भीतीनेसुद्धा.

जलालखेड्याच्या रस्त्याला सरळ पट्टा लागतो. मामा भाच्याला ट्रिप मीटर शून्य करायला लावतात, एका किलोमीटरच्या दगडाशी अगदी अचूक. मग दगड मोजायचे. मधले एक-दोन दगड रस्त्याच्या कामात गेलेत, पण आकडे चुकत नाहीत. दहा किलोमीटर पुढच्या दगडाशी मीटर दाखवतो १०.२.

"पाह्य," मामा म्हणतात. "टायर घासले. चाक लहान झालं, तेवढ्याच रस्त्यात जास्त फिरून राह्यलं. मीटर फिरणं मोजते, रस्ता नाई."

म्हणजे मघाचे २४७ किलोमीटर खरे २४२च्या आसपास, आणि १२.६९ खरा १२.४४. नवे टायर टाकले की वहीतला ॲव्हरेज पडल्यासारखा दिसेल आणि मालक म्हणेल, नव्या टायरने गाडी खायला लागली. वहीच्या पहिल्या पानावर मामांनी हा फरक तारखेसह लिहून ठेवला आहे. ते पाहून मला त्यांचा अभिमान वाटतो, शाळेतल्या कुठल्याही गुरुजींइतकी शिस्त आहे त्यात.

भाचा साठच्या वर जातो, मामा नुसता हात खाली करतात. साठावरून ऐंशीवर गेलं की वाऱ्याचा अडथळा जवळजवळ पावणेदोन पट होतो. कळमन्याला वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचून संत्र्याला जास्त भाव मिळत नाही.

मी वही चाळतो आहे. मागच्या महिन्यातली एक ओळ वेगळी आहे. तेवढाच रस्ता, २४७ किलोमीटर, पण डिझेल २१.१० लिटर, ॲव्हरेज ११.७१. सगळ्या पानातला सर्वांत वाईट. आणि त्याच ओळीसमोर मामांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली आहे.

"हे काय?"

"थ्या दिवशी येतानी बटाटे आनले ना, भाऊ. पन्नास कॅरेट."

मी मनात हिशोब मांडतो. रिकामी परतलेली गाडी ॲव्हरेज चांगला दाखवते, पण परतीचं सगळं डिझेल संत्र्याच्या कॅरेटवर बसतं: १९.४६ लिटर भागिले ७०, कॅरेटमागे २७८ मिली, आजच्या दराने पंचवीस रुपये. बटाट्याने अर्धा भार उचलला तर २१.१० लिटरपैकी निम्मंच संत्र्यावर, कॅरेटमागे १५१ मिली. चौदा रुपयांच्या आत. हवा, गिअर, ताडपत्री, वेग यांनी मिळून जे वाचतं त्याहून हे कितीतरी मोठं, आणि लिटरमागे किलोमीटर मोजत बसलं तर ते दिसतच नाही, उलट तोटा झाल्यासारखं दिसतं. वहीत मामांनी अजून कॅरेटचा रकाना पाडलेला नाही, लाल खूण तेवढी आहे. मी पेन काढून समासात उभी रेघ ओढतो आणि मागच्या ओळींपुढे कॅरेटमागचे मिली भरत जातो. मामा तिरप्या नजरेने पाहतात, थांबवत नाहीत.

वर्धा नदी जवळ येते तोच त्यांचा फोन वाजतो. वरुडचा कांदे-बटाट्याचा व्यापारी.

"हो, जाऊन राह्यलो कळमन्याले... नाई, पोते नोको. पोत्यात भरलं तं माह्ये कॅरेट कुठी ठेवू? कॅरेटातच आनतो खुले... भाडं थेच, मागच्या वक्ताचं. त्याच्या खाली नाई परवडत... चार वाजेलोक भरून देजो पन. उशीर झाला तं मी थांबत नाई."

फोन ठेवून ते भाच्याला सांगतात, "बाजारात माल उतरला का कॅरेट झाडून घेजो. पाला राह्यला तं बटाट्यात जाते."