अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूंचे संस्थांतर : श्रमबाजाराच्या दृष्टीने एक विचार

अमेरिकेतील महाविद्यालयाच्या बास्केटबॉल-संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्याने एक संस्था सोडून दुसऱ्या संस्थेत जाणे, ही बाब वरवर पाहता क्रीडानियमांच्या पुस्तिकेत शोभणारी आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तिची दखल घ्यावी असे तिच्यात काही असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तथापि २०१८ ते २०२५ ह्या अवघ्या सात वर्षांत ह्या संस्थांतरावरील निर्बंध एकामागून एक ढासळत गेले, आणि त्यांच्या आड दडलेले आर्थिक संबंध उघडे पडले. निर्बंध असताना खेळाडूचे जे नुकसान होई, त्याचा लाभ नेमका कोणाच्या पदरात पडत होता, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे.

आपल्याकडे विद्यार्थ्यास विद्यापीठ बदलावयाचे असेल तर तो स्थलांतर-प्रमाणपत्र मिळवितो, शुल्क भरतो आणि नव्या ठिकाणी इतरांच्या बरोबरीने वर्गात बसतो. अमेरिकेतही सामान्य विद्यार्थ्याची स्थिती ह्याहून फारशी निराळी नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला नव्या संस्थेत पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळा खुली असते. व्हायोलिन वाजविणाऱ्याला तेथील वाद्यवृंदात लगेच बसता येते. निराळा नियम होता तो खेळाडूपुरता, आणि तोही सर्व खेळाडूंना सारखा नव्हता. बास्केटबॉल, फुटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांचे आइस हॉकी ह्या खेळांतील विद्यार्थ्याने संस्था बदलल्यास त्याला नव्या संस्थेत एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष सामन्यांविना काढावे लागे. वर्गात बसावे, संघाबरोबर सराव करावा, परंतु सामन्याच्या वेळी मात्र बाहेर बसावे, असा हा 'निवासवर्षा'चा नियम होता. चार हंगाम खेळण्यासाठी पाच वर्षांची मुदत मिळत असल्यामुळे हे वर्ष त्या मुदतीतूनच खर्ची पडे.

नव्या वातावरणात अभ्यासाची घडी नीट बसावी, हे ह्या नियमाचे जाहीर प्रयोजन होते. परंतु पोहणाऱ्या वा टेनिस खेळणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या संस्थांतरानंतर त्याच वर्षी स्पर्धेत उतरण्याची मुभा होती. पोहणाऱ्याची घडी आपोआप बसते आणि बास्केटबॉलपटूची मात्र वर्षभर बसत नाही, असे मानण्यास काही शैक्षणिक आधार असल्याचे दिसत नाही. खरा भेद, निदान बास्केटबॉल आणि फुटबॉल ह्यांच्यापुरता तरी, प्रेक्षकांच्या संख्येत आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नात होता.

डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ ह्यांनी हिवाळ्यात छपराखाली करावयाचा व्यायाम म्हणून हा खेळ शोधून काढला. महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची, म्हणजे एन.सी.ए.ए.ची, स्थापना १९०६ ची. तिने १९५६ साली खेळातील गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देण्यास मान्यता दिली. शिक्षणशुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके एवढाच मोबदला सर्वत्र ठरला. त्याहून अधिक देऊ करणारी संस्था दंडास पात्र ठरे. १९५१ पासून संघटनेची कार्यकारी सूत्रे हाती असलेले वॉल्टर बायर्स ह्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात असे नमूद केले आहे की, 'विद्यार्थी-खेळाडू' ही संज्ञाच मुळी कामगार-नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या भीतीपोटी घडविण्यात आली. पुढे १९७३ पासून ही शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने मंजूर करण्याची पद्धत आली, आणि बहुवार्षिक शिष्यवृत्तीची मोकळीक पुन्हा मिळण्यास २०१२ साल उजाडले. संस्था विद्यार्थ्यास एका वर्षापुरतीच बांधील, आणि विद्यार्थी मात्र वर्ष गमावल्यावाचून संस्था सोडू शकत नाही, अशी ही एकतर्फी बांधिलकी होती. तिच्यात प्रशिक्षक कोठेच सापडत नव्हता. त्याचा करार पैशाने सुटे, आणि तो पैसा बहुधा नवी संस्थाच भरी.

लॅरी बर्ड ह्याचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. फ्रेंच लिक ह्या लहानशा गावचा हा मुलगा १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात दाखल झाला, त्या अफाट परिसरात त्याचा जीव रमेना, आणि महिन्याच्या आत तो गावी परतला. काही काळ त्याने गावच्या नगरपालिकेची अंगमेहनतीची कामे केली. १९७५ मध्ये तो इंडियाना स्टेट ह्या तुलनेने लहान विद्यापीठात गेला, १९७५–७६ चा हंगाम नियमानुसार बाहेर बसला, आणि १९७९ मध्ये त्याने आपला संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेला. तेथे मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने त्यांचा ७५–६४ असा पराभव केला. निवासवर्षाने बर्डचे काही बिघडले नाही, असे ह्यावरून म्हणता येईल. पण असामान्य माणसाचे न बिघडणे हा नियमाच्या निर्दोषपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

योगायोग असा की, ज्या १९५६ साली खेळाडूंच्या शिष्यवृत्तीस मान्यता मिळाली, त्याच साली सायमन रॉटनबर्ग ह्या अर्थशास्त्रज्ञाचा बेसबॉलपटूंच्या श्रमबाजारावरील निबंध प्रसिद्ध झाला. व्यावसायिक बेसबॉलमध्ये तेव्हा खेळाडूवरील हक्क क्लबकडे राखून ठेवणारे कलम होते. हे कलम नसेल तर सर्व गुणी खेळाडू धनिक क्लबांकडे जातील, असा क्लबमालकांचा युक्तिवाद असे. रॉटनबर्ग ह्यांचे म्हणणे असे की, कलम असो वा नसो, खेळाडू अखेर तेथेच पोहोचतो जेथे त्याच्या खेळाचे मोल सर्वांत अधिक आहे. कारण लहान क्लब त्याला मोठ्या क्लबास विकू शकतो. कलमामुळे फरक पडतो तो एवढाच, की विक्रीची रक्कम खेळाडूच्या खिशात न जाता मालकाच्या खिशात जाते.

हाच विचार महाविद्यालयीन बास्केटबॉलला लावून पाहिला असता एक विलक्षण गोष्ट आढळते. येथे मूळ संस्थेला खेळाडू अडविता येई. २०१८ पूर्वी तर तिच्या परवानगीवाचून दुसऱ्या संस्थेस त्याच्याशी बोलणी करणेही निषिद्ध होते. परंतु तिला त्याला विकता मात्र येत नसे. म्हणजे जो खेळाडू निवासवर्ष पत्करून गेलाच, त्याचे वाया गेलेले वर्ष कोणाच्याही जमेस पडले नाही. पूर्वीच्या जकातनाक्यावर गाडी दिवसभर खोळंबून ठेवावी, आणि जकात मात्र कोणीच घेऊ नये, तसा हा प्रकार होता. नियमाचा लाभ गेलेल्यांपासून नव्हे, तर न गेलेल्यांपासून होत होता. वर्ष गमावण्याच्या धास्तीने जे जागीच राहिले, त्यांचा खेळ संस्थेला ठरीव मोबदल्यात मिळत राहिला. ही रक्कम कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही, म्हणूनच ती इतकी वर्षे कोणाच्या डोळ्यांत आली नाही.

नियम कोसळण्याचा इतिहास थोडक्यात असा. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झाले. हे नाव भारदस्त असले, तरी वस्तुतः ती एक नोंदवही आहे. खेळाडूने इच्छा कळविली की संस्थेने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव तीत चढवावयाचे, आणि मग कोणीही त्याच्याशी संपर्क साधावा. परवानगीचा प्रश्नच उरला नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्व खेळांतील विद्यार्थ्यांना एक वेळ निवासवर्षाविना संस्था बदलण्याची मुभा मिळाली. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात शिक्षणाशी निगडित लाभांवरील संघटनेच्या मर्यादा एकमताने अवैध ठरविल्या, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव व छबी ह्यांच्या वापराबद्दल जाहिरातदारांकडून आणि देणगीदारांच्या मंडळांकडून पैसे घेता येऊ लागले. ह्या तीन घटनांत अडीच महिन्यांचेही अंतर नाही. जाण्याची मोकळीक आणि जाण्याचा मोबदला ही दोन्ही एकाच उन्हाळ्यात हाती आली.

दुसऱ्यांदा संस्था बदलणाऱ्यावर मात्र निर्बंध राहिला होता. वॉशिंग्टन विद्यापीठातून मोंटाना स्टेट आणि तेथून वेस्ट व्हर्जिनिया असा प्रवास केलेल्या रेक्वान बॅटल ह्या खेळाडूला २०२३ मध्ये संघटनेने सवलत नाकारली. ओहायोसह सात राज्यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला, आणि १३ डिसेंबर २०२३ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने ह्या नियमाच्या अंमलबजावणीस तात्पुरती मनाई केली. एप्रिल २०२४ मध्ये संघटनेने तो स्वतःच मागे घेतला. आता अभ्यासातील समाधानकारक प्रगती एवढीच अट उरली.

परिणाम लगेच दिसू लागले, आणि ते सर्वांत ठळकपणे दिसले लहान संस्थांत. जर्सी सिटी येथील सेंट पीटर्स ह्या छोट्या जेझुइट विद्यापीठाच्या संघाला २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पंधरावे मानांकन होते. त्याने पहिल्याच सामन्यात बलाढ्य केंटकीला जादा वेळेत ८५–७९ असे नमविले, पुढे पर्ड्यूला ६७–६४ असे हरविले, आणि पंधरावे मानांकन असलेला संघ प्रथमच अखेरच्या आठांत पोहोचला. तेथे नॉर्थ कॅरोलायनाकडून ६९–४९ असा पराभव झाल्यावर थोड्याच दिवसांत प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. के. सी. एनडेफो त्यांच्यामागोमाग तेथे गेला, डग एडर्टने ब्रायंटची वाट धरली, आणि ज्या संघाने देशाचे लक्ष वेधून घेतले होते तो पुढच्या हंगामात ओळखू येण्याजोगा उरला नाही.

२०२५ मध्ये ह्युस्टनला ६५–६३ असे हरवून विजेता ठरलेला फ्लॉरिडाचा संघ पाहा. त्याचा प्रमुख खेळाडू वॉल्टर क्लेटन आयोना येथे दोन वर्षे खेळून आला होता, अ‍ॅलायजा मार्टिन फ्लॉरिडा अटलांटिकमधून, तर विल रिचर्ड बेल्माँटमधून आला होता. तिन्ही संस्थांनी घडविलेल्या खेळाडूंवर चौथीने विजेतेपद मिळविले, आणि पहिल्या तिघींना त्याबद्दल एक छदामही मिळाला नाही. रॉटनबर्ग ह्यांचे भाकीत खरे ठरले; फक्त विक्रीची रक्कम घेणारा मालक तेवढा नाहीसा झाला.

लहान संस्थांची तक्रार म्हणूनच सहानुभूतीस पात्र वाटते. परंतु ती मला निम्मीच मान्य होण्याजोगी दिसते. गॅरी बेकर ह्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक सोसत नाही. शिकाऊ माणूस कमी वेतन पत्करून तो स्वतःच सोसतो. आयोनाला क्लेटनचा खेळ दोन वर्षे स्वस्तात मिळाला, आणि २०२३ मध्ये त्याच्यासह हा संघ राष्ट्रीय स्पर्धेतही पोहोचला. त्यानंतर काही दिवसांतच त्या संघाचे नामांकित प्रशिक्षक रिक पिटिनो सेंट जॉन्सला निघून गेले. प्रशिक्षकाचे जाणे व्यवसायातील उन्नती आणि विद्यार्थ्याचे जाणे निष्ठेचा अभाव, असा दुहेरी न्याय लावण्याचे कारण नाही.

खरी चिंता निराळ्याच ठिकाणी आहे. पदवीसाठी लागणाऱ्या अभ्यासापैकी दुसऱ्या वर्षाअखेर ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६० आणि चौथ्याअखेर ८० टक्के भाग पुरा झालेला असावा, असा खेळाडूंसाठी संघटनेचा नियम आहे. पण एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसरी संस्था जसेच्या तसे स्वीकारीलच असे नाही. ते स्वीकारले गेले तरी निवडलेल्या पदवीच्या चौकटीत बसतीलच असेही नाही. तीन वर्षांत तीन संस्था पाहिलेल्या मुलापाशी श्रेयांक पुष्कळ आणि पदवी दूर, अशी अवस्था येऊ शकते. शिवाय नोंदवहीत नाव चढताच मूळ संस्थेला सत्राअखेर त्याची शिष्यवृत्ती काढून घेण्याचा अधिकार मिळतो, आणि नवी संस्था मिळेलच ह्याची हमी कोणी देत नाही. २०२५ च्या वसंतात पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतील दोन हजारांहून अधिक खेळाडूंची नावे तीत होती. उलट व्यावसायिक संघटनेच्या वार्षिक निवडीत सुमारे ६० जागा असतात, आणि त्यांतीलही काही परदेशी खेळाडूंकडे जातात. बाकीच्यांना जन्मभर उपयोगी पडावी अशी वस्तू पदवी हीच होय. निवासवर्षाच्या जुन्या समर्थनात सत्याचा काही अंश असेल तर तो एवढाच, की त्या वर्षी मुलगा खेळत नसे आणि वर्गात बसत असे. पण त्यासाठी शिक्षा कशाला हवी होती? श्रेयांक मान्य करण्याचे बंधन संस्थांवरही घालता आले असते.

आता पुन्हा निर्बंध घालावयाचे ठरविले तरी ते संघटनेला एकटीने घालता येण्यासारखे नाहीत. व्यावसायिक संघटनांत खेळाडूंच्या जाण्यायेण्यावर मर्यादा आहेत. परंतु त्या खेळाडूंच्या संघाशी सामुदायिक करार करून, काहीतरी देऊन मिळविलेल्या आहेत, म्हणून न्यायालये त्यांना हात लावीत नाहीत. महाविद्यालयीन खेळाडू कामगार नव्हे असे म्हटल्यावर करार करावा कोणाशी? मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी कामगारसंघ स्थापण्याचा निर्णय घेतला होता. वर्षाअखेर तो अर्ज मागे घेण्यात आला. ६ जून २०२५ रोजी हाउस खटल्यातील तडजोडीस न्यायालयाची मान्यता मिळाली, आणि १ जुलैपासून तीत सहभागी झालेल्या संस्थांना पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम आपल्या खेळाडूंना थेट देता येऊ लागली.

त्यानंतर काही संस्थांनी खेळाडूंशी केलेल्या करारांत एक नवे कलम आढळू लागले आहे. मुदत संपण्यापूर्वी खेळाडू निघून गेल्यास ठरलेली रक्कम मूळ संस्थेला परत मिळावी, आणि ती नव्या संस्थेने भरली तरी चालावे, असा त्याचा आशय आहे. ज्या सुटकेला पूर्वी किंमतच नव्हती तिला आता किंमत आली आहे. आणि ती किती असावी हे ठरविताना खेळाडूची सही प्रथमच आवश्यक झाली आहे.