एक नदी, अनेक कचेऱ्या

महाबळेश्वरीं उगम पावणारी कृष्णा कऱ्हाडास कोयनेला आणि हरिपुरास वारणेला भेटून पुढें कर्नाटकांत जाते. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा करण्यांत आला. १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. जिल्हे दोन झाले, नदी मात्र एकच राहिली. २०१९ च्या उन्हाळ्यांत माण, आटपाडी, जत या तालुक्यांतील अनेक गांवें टँकरच्या पाण्यावर दिवस काढीत होतीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें सांगली शहराच्या वस्त्यांत कृष्णेचें पाणी शिरलें.

तहान आणि पूर यांचीं खातीं सरकारदरबारीं निराळीं असतात. पाणीपुरवठ्याचें एक, पाटबंधाऱ्यांचें दुसरें, रस्त्यांचें तिसरें. प्रत्येक खातें आपलें काम मनापासून करतें असें मानलें, तरी रस्ता उंच करणाऱ्यानें ओढ्याची वाट विचारली नाहीं, आणि घरांस परवानगी देणाऱ्यानें पूररेषा पाहिली नाहीं, तर दोन चांगल्या कामांतून तिसरें संकट उभें राहतें. घरांत एकानें न्हाणी बांधावी, दुसऱ्यानें विहीर खणावी आणि सांडपाणी कोठें जाईल हें कोणींच पाहूं नये, तसाच हा प्रकार. कामांची यादी म्हणजे योजना नव्हे. कोणतें काम आधीं, कोणतें मागून, आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम काय, हें ठरविणें म्हणजे एकात्मिक योजना.

परंतु हें ठरवावें कोणीं? याचें एक जुनें उत्तर याच मुलुखांत सांपडतें. औंध, आटपाडी, कुंडल असा विखुरलेला प्रदेश असलेल्या औंध संस्थानांत राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं १९३९ सालीं प्रजेस स्वराज्याची घटना दिली. महात्मा गांधी व मॉरिस फ्रिडमन यांचें साहाय्य त्यांस होतें. गांवानें निवडलेली पंचायत हा पाया, तिच्यावर तालुक्याची समिति आणि सर्वांवर विधिमंडळ, अशी ती रचना होती. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें.

पुढें १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या वेळचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे याच भागांतील देवराष्ट्र्याचे. परंतु परिषदेचा अधिकार ग्रामीण भागापुरता. सातारा, सांगली, मिरज हीं शहरें तिच्या कक्षेबाहेर. ही फट बुजविण्याचा मार्ग १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें दाखविला. प्रत्येक जिल्ह्यांत एक नियोजन समिति असावी, तिनें पंचायतींच्या व नगरपालिकांच्या योजना एकत्र करून संपूर्ण जिल्ह्याचा आराखडा करावा, आणि पाण्याची वांटणी, पर्यावरणाचें रक्षण अशा समान हिताच्या गोष्टींचा त्यांत विचार व्हावा, असें तींत सांगितलें आहे. समितीचे किमान चार-पंचमांश सभासद निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींनीं आपल्यांतून, ग्रामीण व शहरी लोकसंख्येच्या प्रमाणांत, निवडावयाचे असतात. महाराष्ट्रानें यासाठीं १९९८ सालीं कायदा केला.

मार्च २०२२ मध्यें सातारा व सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका वेळेवर न झाल्यामुळें पुढें दीर्घकाळ कारभार प्रशासकांकडे राहिला. ज्या बांकांवर बसून गांवानें शहरास आणि शहरानें गांवास आपली अडचण सांगावयाची, ते बांक रिकामे राहिले. अधिकारी हिशेब चोख ठेवूं शकतील. परंतु कोणाची तहान आधीं भागवावी हा निर्णय ज्यांस मतदारांपुढें उभें राहावयाचें आहे त्यांनींच घेणें न्यायाचें.

जिल्ह्याच्या आराखड्यासही मर्यादा आहे. टेंभूची उपसा सिंचन योजना सातारा जिल्ह्यांत कृष्णेचें पाणी उचलते आणि तें सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील कोरड्या शेतांपर्यंत नेते. एका जिल्ह्याचा विचार शेजाऱ्याशीं बोलल्यावांचून पुरा होत नाहीं.

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांनीं, म्हणून, आपल्या नगरसेवकास एवढेंच विचारावें: आमच्या नळाचें पाणी कोणत्या गांवाजवळून येतें, आमचें सांडपाणी कोणत्या गांवाकडे जातें, आणि त्या गांवाशीं आपलें बोलणें झालें आहे काय?