नाकातला पावसाळा संपेना?

शुक्रवारी संध्याकाळी एक्स्प्रेस-वे पकडायचा, शनिवारी भुशी डॅमवर चिंब भिजायचं आणि सोमवारी ऑफिसच्या एसीत शिंकत बसायचं! पावसाळी लोणावळ्याचं हे ठरलेलं टाइमटेबल. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत पळते. पण नाक सलग बारा आठवडे चोंदलेलं असेल, गाल-कपाळ जड वाटत असेल, चिक्कीच्या दुकानात उभं राहूनही गुळाचा वास येत नसेल, तर बॉस, ही सर्दी नव्हे. हा क्रॉनिक सायनुसायटिस असू शकतो, म्हणजे नाकाच्या अस्तराला आलेली, हटायचं नाव न घेणारी सूज.

भोंगा वाजतच राहतो

धूळ, बुरशी, जंतू यांनी अस्तराच्या पेशी दुखावल्या, की त्या टीएसएलपी नावाचं प्रथिन सोडतात. हा धोक्याचा भोंगा. तो ऐकून रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन ४, ५ आणि १३ ही प्रथिनं बनवू लागतात. पाच नंबर इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची फौज वाढवतो, तेरा नंबर चिकट शेंबूड वाढवतो. संकट टळल्यावर भोंगा थांबायला हवा. काहींच्या नाकात तो थांबतच नाही. मग द्राक्षाच्या मण्यांसारखे पॉलिप वाढतात आणि वास घेण्याची शक्ती जाते.

माझ्या मित्रमंडळींच्या ड्रॉवरमध्ये नाक मोकळं करणारे थेंब लिपबामइतके कॉमन आहेत. हे थेंब फक्त सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतात, भोंगा बंद करत नाहीत. पाचेक दिवसांपलीकडे वापरले, तर नाक उलट जास्तच चोंदतं.

लोणावळ्याचा लोटा

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. योगक्रिया नुसत्या श्रद्धेवर न सोडता एक्स-रेखाली तपासायच्या, हा त्यांचा बाणा मला फार आवडतो. तर तिथे शिकवली जाणारी जलनेतीही त्याच नजरेने पाहूया. मिठाचं पाणी शेंबूड आणि धूळ धुऊन नेतं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही त्याची शिफारस आहे. मात्र प्रथिनांचा कारखाना त्याने थांबत नाही. तो मंदावतो स्टेरॉइडच्या नेझल स्प्रेने. डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोज, काही आठवडे. तरीही पॉलिप हटले नाहीत तर ऑपरेशन. शिवाय ४ आणि १३ चा निरोप अडवणारं डुपिल्युमॅब हे महागडं इंजेक्शन आहेच. पॉलिपसाठी त्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली.

थोडक्यात, लोटा की स्प्रे हा वादच नाही. आधी लोटा, मग स्प्रे!

नेती करताय? हे पाळा

* पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या. अमेरिकेतल्या लुइझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे अमीबाच्या संसर्गाने दगावले.
* पाव लिटर पाण्याला अर्ध्या चमच्याहून थोडं कमी मीठ.
* पहिल्यांदा जाणकार शिक्षकासमोरच.
* डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त आलं, तर लोटा बाजूला ठेवा आणि तडक कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.