माणूस तोच कशावरून?

काल ऋण काढणारा मनुष्य आज ‘तो मी नव्हे’ म्हणू लागला, तर सावकार त्याला सोडणार नाही. पण तो तोच, हे आपण कशावरून ठरवतो? देह तर सारखा पालटत असतो. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९४ साली उत्तर दिले : स्मृतीवरून. आठवण जेथवर पोचते, तेथवर ‘मी’.

उत्तर मोठे आटोपशीर. पण १९५३ साली अमेरिकेत त्याची नकळत कसोटी लागली. हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकेनाशी झाली. संशोधिका ब्रेंडा मिलनर त्याला दर भेटीत अनोळखीच वाटत. त्यांनी त्याला आरशातील प्रतिबिंब पाहत चांदणीची आकृती गिरवायला लावली. तीन दिवसांत हात बसला. आपण हे पूर्वी केले आहे, हे मात्र त्याला आठवेना!

लॉकच्या हिशेबाने हा क्षणोक्षणी नवा मनुष्य ठरावा. आम्हांला ते पटत नाही. घरातील वृद्धाला मुलाचे नाव आठवेनासे झाले, म्हणून मुलगा त्याला परका समजतो काय? मोलायसनला बालपण आठवत होते, आणि शिकलेला हातही त्याचाच होता. २००८ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, वारला तो हेन्रीच.