भोवऱ्यांची खरखर
मेंदूचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी क्षीण. इतकं क्षीण क्षेत्र टिपणाऱ्या ‘स्क्विड’ या उपकरणाला खरी डोकेदुखी होते ती त्याच्याच पातळ अतिसंवाहक थरामुळे. थर थंड होताना पृथ्वीचं क्षेत्र त्यात अडकतं, तेही सुट्या भोवऱ्यांच्या रूपात. अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५७मध्ये हे भोवरे कागदावर मांडले. नोबेलला मात्र २००३ उजाडलं! भोवरा ठाण मांडून बसला तर त्रास नाही. पण इट्रियम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडचा थर द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला वापरला, की एवढ्या उबेनंही (हो, उबेनंच!) तो एका खाचेतून शेजारच्या खाचेत उड्या मारतो आणि मापनात खरखर उमटते. उपाय साधा: थराच्या सुमारे ४ मायक्रोमीटर रुंदीच्या पट्ट्या कोरायच्या. इतक्या अरुंद जागेत पृथ्वीच्या क्षेत्राचा भोवरा शिरतच नाही.