वाचणारे यंत्र आणि तीन रत्नागिऱ्या

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये देहावसान होईपर्यंत रत्नागिरीत इंग्रज सरकारच्या नजरकैदेत होता, ही गोष्ट येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु कोणी मुद्दाम नोंद करून न देता, केवळ महाजालावरील मजकूर वाचून ती संगणकाला कशी कळावी, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ गुंतवून ठेवत आला आहे.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ ही प्रणाली याच कामावर रुजू केली. शहर, कंपनी, वनस्पती अशा प्रत्येक वर्गाची दहा-पंधरा उदाहरणे तिला द्यायची. ती ज्या वाक्यांत येतात त्यांची ठेवण तिने हेरायची, तशाच ठेवणीच्या अन्य वाक्यांतून नवी नावे वेचायची, आणि त्या नावांच्या आधारे पुन्हा नव्या ठेवणी शोधायच्या, असा तो अहोरात्र चालणारा क्रम होता. त्यात एक चूक शिरली की तीच पुढच्या चुकीचा पुरावा होते. संगणकातल्या ‘कुकी’ला तिने भट्टीतल्या पदार्थांत दाखल केले, आणि लोक कुकी पुसतात तशा फायलीही पुसतात असे वाचून फायलींनाही त्याच पंक्तीत बसवले, अखेर माणसांनाच दुरुस्ती करावी लागली.

आता आपल्या गावाचे नाव घ्या. एक रत्नागिरी अरबी समुद्राच्या काठची, दुसरी ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातील, प्राचीन बौद्ध विहारांच्या अवशेषांची, आणि तिसरी कोल्हापूरजवळची, जोतिबाचे स्थान असलेली वाडी रत्नागिरी. शेजारी सासनकाठी आणि गुलाल आला की कोल्हापूर, हापूस आणि मांडवी आली की कोकण, एवढा निवाडा यंत्र भोवतालच्या शब्दांवरून करू शकते. पण थिबा स्वतः बौद्ध असल्याने ‘रत्नागिरीतील बौद्ध राजा’ एवढेच त्रोटक वाक्य वाचून ते थेट ओडिशाच्या विहारात जाऊन पोहोचले तर त्याला दोष कसा द्यावा? खातरजमेला अनेक साक्षीदार हवेत हे खरे, मात्र शंभर संकेतस्थळांनी एकमेकांची नक्कल केली असेल तर साक्षीदार एकच उरतो, हे माझ्या मते या विद्येतील सर्वांत अवघड कलम आहे.

मराठीत या कामाचा पाया हातानेच घालावा लागतो. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये पंचवीस हजार मराठी वाक्यांतील व्यक्ती, स्थळे, संस्था यांच्या नावांवर माणसांकरवी खुणा करवून तो संग्रह सर्वांना खुला केला. अशा परिश्रमाने यंत्र नाव ओळखण्यास शिकते. त्या नावाविषयीचे ज्ञान मात्र कोणीतरी लिहिलेले असावेच लागते.

१८२८ पासून ग्रंथालय असलेल्या या शहरातील शिक्षकांना आणि इतिहासप्रेमींना म्हणून आग्रहाची विनंती आहे, की आपल्या वाडीचा, बंदराचा, देवळाचा वृत्तांत त्यांनी मराठी विकिपीडियावर लिहावा, आणि लिहिताना साल, तालुका, जिल्हा व आधारग्रंथ यांचा दाखला अवश्य द्यावा.